रॉकस्टारचं खरं चरित्र लिहिताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मालवणातल्या एका दिवाळी अंकासाठी बीटल्स या इंग्लिश बँडच्या जॉन लेननवर लिहायला घेतलं, तीनदा लिहून फाडलं, त्यातून जे कळलं ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कौतुक आधी उरकायचं आणि माणसाची लफडी, मारामाऱ्या शेवटी 'वाद' म्हणून एका कोपऱ्यात कोंबायच्या. मीपण तेच केलेलं. पडवीत आठळ्या सोलत बसलेल्या काकीला वाचून दाखवलं तर ती म्हणते, "मगे त्या पयल्या झिलाचा काय झाला?" घ्या! ज्युलियन जन्मला एप्रिल 1963 ला, ऐन बीटल्सचं वारं सुटलेलं तेव्हा, बाप घरात नाहीच, 1968 ला पहिल्या बायकोशी, सिंथियाशी घटस्फोट, आणि 1975 ला शॉन झाल्यावर हाच बाप पाचेक वर्षं घरी बसून पोर सांभाळतोय, पाव भाजतोय. पावावर माझा अख्खा पॅरा होता आणि ज्युलियनला अर्धी ओळ. दोन्ही पोरं शेजारी ठेवा, वेगळी टीका करायची गरजच पडत नाही.

बालपणाची ढाल करू नका. आई ज्युलिया 1958 ला गाडीच्या धडकेत गेली, हा 17 वर्षांचा, हे लिहाच, पण जून 1963 ला बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीच्या एकविसाव्या वाढदिवसाला दारू पिऊन बॉब वूलर या ओळखीच्या क्लब-निवेदकाला बडवलं त्याच्या आदल्या ओळीत नको, वाचक तिथल्या तिथे माफ करून टाकतो.

'तापट', 'मनस्वी' हे शब्द खोडा. मी बायकांना मारायचो हे 1980 च्या मुलाखतीत लेनन स्वतः बोललाय, मग आपण कशाला पाणी घालायचं? आणि म्हणून शांततेची गाणी ढोंग, असं ठरवून मोकळं होणं हाही आळसच, कारण हिंसक माणसंच शांततेच्या मागे लागतात हेही त्याच मुलाखतीत त्याचंच. तसंही 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' म्हणत दशावतार बघणारी माणसं आपण, रंग उतरलेला नट आपल्याला नवा नाही.

शेवट 8 डिसेंबर 1980 ला त्याला घातलेल्या गोळ्यांवर करू नका, वाचक हळहळतो आणि आधीचं सगळं धुवून जातं. मी शेवट 1984 वर नेला, ज्युलियनचा पहिला अल्बम आला तिथे. काकीला सांगितलं तर म्हणाली, "बरो गाता काय तो?"