जुन्या घराचे काम, स्मारकाची हद्द आणि बदललेला झोन: बेळगाव भागात परवानगी कशी काढावी

गवंडी ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवा: तुमची जागा कोणकोणत्या कार्यालयांच्या अखत्यारीत येते? बेळगाव शहरात याचे उत्तर गल्ली बदलली की बदलते. गणपत गल्ली, शहापूर, वडगाव, अनगोळ येथे बांधकाम परवाना महापालिकेचा. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. जमिनीचा वापर कोणता (निवासी, व्यापारी, हरितपट्टा) हे ठरते बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मास्टर प्लॅनमध्ये. जवळपास संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचे ना हरकत पत्र वेगळे लागते. निपाणी, चिकोडी, खानापूर येथे महापालिकेच्या जागी नगरपालिका किंवा नगर पंचायत, खेड्यात ग्राम पंचायत. एका कार्यालयाची परवानगी दुसऱ्यावर बंधनकारक नसते. बहुतेक कामे इथेच फसतात. महापालिकेचा परवाना हातात आहे म्हणून स्लॅब पडतो आणि मग पुरातत्त्व खात्याची नोटीस दारात येते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मालकीचे कागद, मग स्मारकापासूनचे अंतर, मग झोन, आणि सर्वांत शेवटी बांधकाम परवाना.

कागद

शहरातल्या जागेसाठी सिटी सर्व्हेचा सीटीएस उतारा (पीआर कार्ड), महापालिकेचा खाते उतारा आणि चालू वर्षाची घरफाळा पावती काढा. खेड्यातल्या घराला ई-स्वत्तूचा (ग्राम पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि ११, शेतजमिनीला आरटीसी (सातबारासारखा उतारा). उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव असेल तर तिथेच थांबा आणि वारसा नोंद करून घ्या. वाटणी तोंडी झाली असेल, तर सगळ्या सहहिस्सेदारांचे संमतीपत्र नोटरी करून जोडावे लागते. पुण्यातला चुलत भाऊ सहीला येत नाही म्हणून वर्षभर पडून राहिलेले अर्ज कमी नाहीत.

या भागात एक जास्तीची अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी खरेदीखते मराठीत आहेत, त्याहून जुनी मोडीत. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तिथल्या जुन्या कागदांचा नमुना, शिक्के, मोजमाप सगळे वेगळे. असा कागद नुसता झेरॉक्स करून जोडू नका. मोडी जाणकाराकडून सहीनिशी लिप्यंतर, त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आणि मूळ कागदाची प्रत असा तिहेरी संच करा. जुन्या खतातली चतुःसीमा आणि आजचा सीटीएस नकाशा जुळत नसेल तर आधी भूमापन खात्याकडून मोजणी मागवा. अर्ज गेल्यावर शेजाऱ्याने हरकत घेतली की मोजणी करावीच लागते, आणि तोवर पावसाळा येतो.

स्मारकापासूनचे अंतर

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती बांधली. ती आणि किल्ल्यातली सफा मशीद केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे आहेत. केंद्र संरक्षित स्मारकाला १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे निषिद्ध क्षेत्र, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. दोन्ही मिळून ३०० मीटर.

हे अंतर कळसापासून किंवा गाभाऱ्यापासून मोजत नाहीत. अधिसूचनेत संरक्षित म्हणून जी हद्द दिली आहे, तिच्या कडेपासून मोजतात. आपल्या बाजूने ते घराच्या मध्यापासून न धरता बांधकामाच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून धरा. मोबाइलवरच्या नकाशात मोजलेले अंतर अंदाजापुरते. काठावरचा मामला असेल, म्हणजे ९० ते ११० किंवा २९० ते ३१० मीटरच्या दरम्यान, तर पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यासमक्ष मोजून घेतलेले बरे. प्लॉट रेषेवर दुभंगत असेल तर नकाशात ती रेष काढून दाखवा.

राज्य संरक्षित स्मारकांना कर्नाटकाचा १९६१ चा कायदा लागतो आणि ती मैसूरुस्थित राज्य पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असतात. खानापूर तालुक्यात हलशी किंवा देगाव परिसरात घर असेल, तर शेजारचे देऊळ नेमके कोणत्या यादीत आहे हे आधी पाहा. देवळाबाहेरचा निळा फलक वाचला तरी बरेचदा उत्तर मिळते. गावातले प्रत्येक जुने देऊळ संरक्षित नसते. केवळ ते जुने आहे म्हणून कोणी तुमचे काम अडवले तर अधिसूचनेचा क्रमांक लेखी मागा.

दुरुस्ती की बांधकाम

अर्जात कामाला काय म्हणता यावर अर्धा निकाल लागतो, कारण केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात तीन वेगळ्या व्याख्या आहेत. असलेल्या इमारतीत फेरफार म्हणजे दुरुस्ती व नूतनीकरण. पाडून त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभारणे म्हणजे पुनर्बांधणी. नवे उभारणे, किंवा असलेल्याला आडवी-उभी कोणतीही भर घालणे म्हणजे बांधकाम. गच्चीवर एक खोली काढणे हेसुद्धा बांधकामच.

निषिद्ध १०० मीटरमध्ये खासगी मालकाला फक्त दुरुस्ती व नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि तोही इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असेल किंवा त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली असेल तरच. म्हणून या तारखेआधीचा पुरावा हा तुमचा सर्वांत मोलाचा कागद. घरफाळ्याची जुनी पावती, वीज मीटरची जोडणी, सिटी सर्व्हेची जुनी नोंद, यातले जे मिळेल ते काढा. पाडून नवे बांधायचे असेल तर १०० मीटरच्या आत वाट नाही, एजंट काहीही सांगो. नियंत्रित २०० मीटरमध्ये मात्र तिन्ही प्रकारची कामे परवानगीने करता येतात.

सार्वजनिक गटारे, पाणीपुरवठा आणि वीजपुरवठ्याची कामे बांधकामाच्या व्याख्येतून वगळली आहेत. ही सवलत सार्वजनिक सोयींची आहे. घरच्या बोअरवेलला ती लागू होते असे गृहीत धरू नका.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ऑनलाइन जातो. त्यात लागते: मालकीचा पुरावा, अंतर दाखवणारा स्थळ नकाशा, मजलानिहाय क्षेत्रफळ, सर्व बाजूंची उंची-चित्रे आणि छेद, तळघर असल्यास त्याची खोली, आजूबाजूच्या इमारतींची आणि स्मारकाच्या दिशेने काढलेली छायाचित्रे. उंचीत चूक हमखास होते. परवानगीतली उंची जिन्याची टोपी, कठडा आणि पाण्याची टाकी धरून असते. आर्किटेक्ट स्लॅबपर्यंतची उंची लिहितो, नंतर वर टाकी चढते, आणि तेवढ्याने बांधकाम परवानगीबाहेर जाते.

मुदती कायद्यातच आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने २ महिन्यांत शिफारस द्यायची, आणि ती आल्यावर १ महिन्यात सक्षम प्राधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. प्रत्यक्षात घड्याळ पूर्ण अर्जापासून चालते. त्रुटी निघाली की पुन्हा पहिल्यापासून. विनापरवानगी कामाला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पाया खणताना नाणी, भांडी, मूर्ती असे काही सापडले तर काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यात त्यासाठीची किंमत-मर्यादा १० रुपये आहे. म्हणजे व्यवहारात काहीही सापडले तरी कळवायचे.

कॅम्पातले बंगले

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा चालतो आणि जमिनीची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. पहिल्यांदा त्याचा उतारा मागवा. बंगला ‘ओल्ड ग्रँट’वर असेल तर जमीन सरकारची आणि इमारत तेवढी तुमची. अशा ठिकाणी वापर बदलणे, तुकडे पाडणे, मोकळ्या आवारात नवी खोली काढणे ही तीन कामे सर्वांत अवघड. लाकूडकाम, कौले, गिलावा यांच्या दुरुस्तीसाठीसुद्धा आधी बोर्डाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

कामाचे वर्णन कसे लिहावे

‘घराची दुरुस्ती’ एवढेच लिहिलेला अर्ज परत येतो. प्रत्येक भागाचे काम वेगळे लिहा: मागील पडवीच्या कौलांखालचे कुजलेले वासे अमुक नग बदलणे, माप तेच, पश्चिमेच्या जांभ्याच्या भिंतीचे सांधे २० ते २५ मिलिमीटर खोल खरवडून चुन्यात भरणे, दर्शनी भिंतीच्या उंचीत बदल नाही. सोबत कामाआधीचे फोटो, तारीख दिसेल असे.

चुन्याचा उल्लेख शोभेसाठी नाही. बेळगावच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या आणि चुन्याच्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि निघताना जांभ्याचा पापुद्रा घेऊन निघतो. सांध्यांसाठी १ भाग चुना आणि ३ भाग चाळलेली वाळू हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. चुना भिजवून मुरलेला हवा आणि भरलेला सांधा आठवडाभर ओला ठेवायला हवा. काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत आटपा.

झोन आणि रस्त्याची रेष

घर ठीक राहिले तरी वापर बदलला की प्रश्न उभा राहतो. वाड्यात लॉज, खालच्या मजल्यावर हॉटेल, मागच्या सोप्यात यंत्रमाग, यांतल्या प्रत्येकासाठी झोन नियमावली पाहावी लागते. बुडाकडून सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांकाचा झोन दाखला घ्या. त्यात दोन गोष्टी तपासा: वापर कोणता, आणि समोरच्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी किती. आज ६ मीटरची गल्ली मास्टर प्लॅनवर ९ किंवा १२ मीटरची दाखवलेली असू शकते. मग दर्शनी भाग रेषेच्या आत येतो आणि नवे बांधकाम मागे सरकवावे लागते. जुन्या पेठेत प्लॉट अरुंद आणि लांब असल्याने हे फार टोचते.

रुंदीकरणासाठी कोणी फीत घेऊन खुणा करून गेला, तर तोंडी संमती देऊ नका. लेखी नोटीस, नकाशा आणि जाणारे क्षेत्रफळ मागा. जागेच्या बदल्यात भरपाई की हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) हे कागदावर ठरल्याशिवाय सही नको.

झोनच बदलायचा असेल तर कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चे कलम १४-अ. बदल सार्वजनिक हिताचा हवा आणि प्रस्ताव त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापून हरकती मागवाव्या लागतात. शेतजमिनीचे बिगरशेती रूपांतर ही वेगळी पायरी आहे, १९६४ च्या भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ ची, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. झोन हरितपट्ट्याचा असताना आधी बिगरशेतीचा (एनए) अर्ज टाकणे म्हणजे फी फुकट घालवणे.

हरकत घ्यायची असेल तर

नवा मास्टर प्लॅन तात्पुरता प्रसिद्ध झाला की सूचना-हरकतींना ६० दिवस मिळतात. जाहिरात बहुधा कन्नड दैनिकात येते आणि मराठी वाचकांच्या नजरेतून निसटते. त्यामुळे बुडाच्या फलकावर अधूनमधून नजर ठेवा. हरकतीत सीटीएस क्रमांक, प्लॅनच्या पत्रकाचा क्रमांक, नेमका आक्षेप आणि तुम्हाला हवा असलेला बदल एवढेच लिहा. ‘गावचा वारसा नष्ट होतोय’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ‘अमुक देवळाच्या पूर्वेची १५ मीटर उंचीची परवानगी ९ मीटर करावी, कारण शिखर रस्त्यावरून झाकले जाते, छायाचित्र सोबत’ यावर त्याला शेरा मारावाच लागतो. घर किंवा गल्ली वारसा इमारत, वारसा परिसर म्हणून घोषित व्हावी ही मागणीही इथेच करता येते. त्या संज्ञा नगर व ग्राम नियोजन कायद्यातच आहेत.

घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणे मराठीत मांडण्याचा हक्क आहे. तो वापरा, पण कन्नड प्रत जोडा. नाहीतर कागद भाषांतराच्या नावाखाली टेबलावर पडून राहतो. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

शेजारच्या बांधकामाची मंजुरी खरी आहे का हे माहिती अधिकारात कळते. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. कर्नाटकाच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मंजूर नकाशा एका अर्जात, पुरातत्त्व खात्याचे ना हरकत पत्र दुसऱ्यात मागा. उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, ३० दिवसांच्या आत. पाडकाम सुरू झाले असेल तर मात्र अपिलाची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी फोटोंसह महापालिका आयुक्त आणि पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाला लेखी कळवा, आणि स्थगितीसाठी वकिलाशी बोला. बेळगाव जिल्ह्याच्या रिट याचिका उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात चालतात.