नेपेटा फासेनी: कात्री वेळेवर, खत जवळपास नाहीच

इंग्लंड-अमेरिकेतल्या बागांत जूनमध्ये गुलाबांच्या पायाशी निळसर जांभळा पसारा दिसतो, तो बहुधा नेपेटा फासेनीचा. मांजरांना वेड लावणाऱ्या कॅटनिप या वनस्पतीचीच ही शोभेची बहीण. कॉकेशस आणि इराणकडची रेसिमोसा व नैर्ऋत्य युरोपातली नेपेटेला या नेपेटाच्याच दोन जातींचा हा संकर.

तुळस-पुदिन्याचं कुळ लगेच ओळखू येतं: चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांची फुलं. पानं राखाडी हिरवी, बारीक लव असलेली, कडेला बोथट दातेरी. खालच्या ओठावर गडद ठिपके असतात. पाकळ्या गळल्या तरी निमुळत्या निदलपुंजाचा, म्हणजे फुलाच्या तळच्या बाहेरच्या आवरणाचा, जांभळा रंग टिकतो, म्हणून तुरा जुना झाला तरी लांबून फुललेलाच वाटतो.

संकर वांझ आहे, बी धरत नाही. 'फासेनी' म्हणून पाकिटात बी विकायला असेल, तर ते बहुधा रेसिमोसाचं. खरी जात हवी तर रोपच आणा, नाहीतर दर तीन-चार वर्षांनी वसंतात ठोंब फोडा. प्रत्येक तुकड्याला मुळं आणि दोन-तीन कोंब हवेत. कटिंगसाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलं न आलेले ८ ते १० सेंमीचे शेंडे घ्या, खालची पानं काढून भरड वाळू मिसळलेल्या मातीत खोचा.

जागा दिवसाला किमान सहा तास उन्हाची, दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी अंतर. चिकणमाती असेल तर भरड वाळू किंवा बारीक खडी घालून वाफा थोडा उंच करा. थंडीने हे झाड सहसा मरत नाही. मुळाशी साचलेल्या पाण्याने मात्र हमखास कुजतं. पहिला उन्हाळा पाणी द्या, नंतर फक्त कोरड पडली तरच.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती झुडूप मधोमध फाकून आडवं पडण्याची. कारण बहुतेकदा लाडच असतो: नत्राचं खत, सावली किंवा रोजचं पाणी. आधाराच्या काठ्या लावत बसू नका. पहिला बहर ओसरला की सगळं झुडूप अर्ध्यावर किंवा एकतृतीयांशावर कापा. काही दिवस ओकंबोकं दिसेल, दिसू द्या. तळातून नवी पालवी फुटते आणि उन्हाळा सरताना दुसरा बहर येतो. शरदात मात्र तळापासून कापू नका, वाळक्या काड्या थंडीत गड्ड्याला पांघरूण होतात. वसंतात नवे कोंब दिसले की जुन्या काड्या ५ ते ८ सेंमीवर छाटा.

मांजरं? पान चुरगळलं की नेपेटालॅक्टोन हे वासाचं रसायन सुटतं आणि त्या वासाला ती येतात. नुकतंच लावलेलं, हाताळलेलं रोप म्हणूनच पहिलं लोळवलं जातं. काही आठवडे त्यावर तारेची टोपली पालथी घाला.

महाराष्ट्रात हौस करायचीच असेल तर मातीची कुंडी घ्या आणि पावसाळाभर ती छपराखाली, उजेडात ठेवा. जमिनीत लावलेलं रोप आपल्या पावसात टिकणं कठीण.