वाडा पडायच्या आधी मोजून घ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाडा होता. दोन चौकांचा, खाली सागवानी खांब, वर माडी. एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर त्याला जेसीबी लागला आणि आठवड्याभरात तिथं मैदान झालं. खांब फर्निचरवाल्यानं नेले. खांबांखालचे दगडी उथळे कुठं गेले, कोणालाच माहीत नाही. मग गल्ली जमली, निवेदन द्यायचं ठरलं. निवेदनाला जोडायला धड फोटो एकाही घरात निघाला नाही. एक सापडला तो कोणाच्या तरी मुंजीतला, मागे अर्धा खांब आणि पुढे बँडवाला.

मी चौतीस वर्षं सरकारी इमारतींचे नकाशे काढले आणि ज्या दारासमोरून रोज सायकल नेली त्याचा एक काढला नाही. निवृत्तीनंतर नागपूरच्या महाल वस्तीतल्या, आमच्याच भागातल्या अकरा जागा मोजल्या. त्यातून जे जमलं आणि जे फसलं, ते सांगतो. तुमचा पुरा, तुमची बुधवारी, तुमचं गाव कुठलंही असो, काम सारखंच आहे.

अख्खा महाल वाचवायला निघू नका. एक गल्ली घ्या. तिच्यातल्या दहा-बारा जागांची यादी करा, आणि त्यात फक्त वाडेच नकोत. विहीर, पार, आखाडा, मारुतीचं देऊळ, गुरांसाठीची दगडी डोणी हेही लिहा. जागेशी बांधलेली रीतही लिहा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पोळ्यानंतर मिरवणुकीनं नेतात ते मोठे पुतळे, आपल्याकडे १८८० च्या दशकापासून निघते. ती ज्या वळणावरून जाते तिथं वीजतार किती उंचीवर आहे आणि रस्ता किती रुंद आहे, हीसुद्धा नोंदच आहे. उद्या कोणी मधोमध दुभाजक टाकायला निघाला तर हीच नोंद कामी येते.

यादी झाली की ती सरकारी यादीशी ताडून बघा. नागपूरच्या वारसा यादीत २००३ साली १५५ वास्तू आल्या. ती आणि पुरातत्त्वाची यादी एक नाही, यात लोक हमखास गोंधळतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. मनपाच्या वारसा यादीचं तसं नसतं, तिथं श्रेणी चालते. ढोबळमानानं सांगायचं तर पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल विचारून करता येतात, तिसरीत त्याहून बरीच मोकळीक असते. मात्र आपल्या गल्लीतलं बहुतेक काही कुठल्याच यादीत नसतं. मोजणी खरं तर त्यांच्यासाठीच.

टेप काढायच्या आधी मालकाकडे जा. मी पहिल्यांदा उलटं केलं. सकाळी सात वाजता ओसरीवर टेप पसरली आणि आतून आवाज आला, “काय करून राहिले जी? कोण्या बिल्डरनं पाठवलं का?” दार बंद झालं ते दोन महिने उघडलं नाही. मालकाची भीती खोटी नसते. आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, सतरा नावं, त्यातली चार पुण्यात, दोन अमेरिकेत, आणि भाडेकरू चाळीस रुपये देतो. त्याला वाटतं, वारसा म्हटलं की विक्री बंद. त्याला सांगा की हा नकाशा त्याचाच, पहिली प्रत त्याच्या हातात. वास्तू यादीत आली तर नियमांमुळे न वापरता आलेलं बांधकाम टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) म्हणून दुसरीकडे विकता येतं, अशी तरतूद आपल्या राज्याच्या विकास नियमावलीत आहे. हेही सांगा, पण पैशाची आशा लावू नका, तो रस्ता लांबचा आहे. ओळखीचं कोणी सोबत न्या. माझ्यासोबत वहिनी येतात. आतलं माजघर आणि परसू त्यांच्यामुळेच बघायला मिळतं.

आता मोजणी. तीस मीटरची एक टेप, पाच मीटरची एक, ओळंबा, आलेखाची वही, पेन्सिल. दोन माणसं पुरेत, तिसरं लुडबुड करतं. आधी न मोजता घर फिरून हातानं कच्चा नकाशा काढा, उत्तर दिशा घाला, आणि मग त्यावर आकडे चढवा. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज करू नका. टेप एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि दार, खिडकी, कोनाडा, सगळे आकडे तिथूनच वाचत जा. तुकड्यातुकड्यात चूक साठत जाते. आणि प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजाच. जुनी खोली क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असते. मी एका चौकाचे कर्ण आळसानं सोडले आणि घरी नकाशा मिळेना. दीड हात भिंत हवेत उरली. परत जावं लागलं, चहा परत झाला.

वाडा खणात मोजला जातो, म्हणजे खांबापासून खांबापर्यंत. खण किती आणि प्रत्येकाचं अंतर किती, एवढं मिळालं की अर्धा वाडा कागदावर आला. मग एक खांब पूर्ण काढा: उथळा, वर खांब, वर हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी कंस), मग तुळई. नक्षी काढता येत नसेल तर तिच्याशेजारी पट्टी धरून समोरून फोटो घ्या. फोटोला नाव लगेच द्या, ‘देवडी, पूर्व भिंत, तारीख’ असं. मोबाईलमधले चारशे निनावी फोटो म्हणजे काहीच नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला आत बसवून विचारा. एका आजींनी भिंतीतली एक बुजलेली देवळी बोटानं दाखवली. आम्ही तीन वेळा तिच्यासमोरून गेलो होतो.

विहिरीत मात्र कोणी उतरायचं नाही. बंद विहिरीत हवा विषारी असू शकते. वरूनच दोरीला वजन बांधून खोली मोजा, पायऱ्या दिसतील तेवढ्या मोजा, आणि थांबा.

कागदाचं थोडक्यात. नगर भूमापन क्रमांक आणि आखीव पत्रिका प्रत्येक नकाशाला जोडा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. पण प्रश्न एकच आणि नेमका विचारा. ‘वारशाबाबत काय कारवाई केली’ असं विचारलं तर उत्तरही तसंच गोल येतं. ‘अमुक क्रमांकाची वास्तू यादीत आहे काय, असल्यास श्रेणी कोणती’ असं लिहा. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकतीची मुदत चालू होते. तेव्हा शंभर सह्यांच्या एका निवेदनापेक्षा नकाशा जोडलेल्या दहा वेगवेगळ्या हरकती द्या, प्रत्येकीची पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. आमच्या एका पारावरून जाणारी रस्तारेषा अशीच सरकली. सुनावणीतल्या साहेबांनी आकडे बघितले. भाषण कोणी केलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

दुरुस्ती हाती घेतली तर सिमेंट दूर ठेवा. जुनी वीट आणि चुना ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत वीट आतून भुसभुशीत होते. कळीचा चुना विरवून पंधरा दिवस तरी पाण्यात मुरू द्या, विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, मिसळा, आणि आधी मागच्या भिंतीवर हातभर तुकडा करून एक पावसाळा बघा. हे काम दसऱ्यानंतर घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात चुना धरायच्या आत सुकतो आणि भेगाळतो. हिवाळ्यातही वर ओला बारदाना टाकावाच लागतो. भिंतीतला पिंपळ उपटू नका, मुळासोबत दगड बाहेर येतो. दोन पानांचा असतानाच काढला तर हा प्रश्नच येत नाही. आणि हजार रुपये असतील तर ते रंगावर घालवू नका, पन्हळ दुरुस्त करा.

नकाशाच्या तीन प्रती: मालकाला एक, गल्लीतल्या वाचनालयात एक, आपल्याकडे एक. मोजणी उन्हाळ्यात करायचीच असेल तर सातला सुरू करून दहाला गुंडाळा. त्यानंतर पोलादी टेप हातात धरवत नाही.