लवादाच्या निवाड्याविरुद्ध अपील करताना

निवाड्याची सही केलेली प्रत हाती पडली की ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट जपून ठेवावे, कारण 1996 च्या लवाद व समेट कायद्याच्या कलम 34 खालील, निवाडा रद्द करून मागण्याच्या अर्जाची तीन महिन्यांची मुदत प्रत मिळाल्यापासून मोजली जाते आणि पुरेसे कारण दाखवले तरी न्यायालय त्यापुढे 30 दिवसांहून अधिक सवलत देऊ शकत नाही. केवळ अर्ज केल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

त्या अर्जावरील आदेशाविरुद्ध कलम 37 खाली अपील होते. येथेच बहुतेक मसुदे फसतात. अपील न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. लवादाने कराराचा लावलेला अर्थ संभवनीय असला, तर दुसरा अर्थ न्यायाधीशांना अधिक पटूनही निवाडा टिकतो. म्हणून ‘साक्ष चुकीची वाचली’ असे लिहिण्याऐवजी ‘उलटतपासणीची संधी नाकारली’ असा मुद्दा कामकाजाच्या नोंदीतील पानासह मांडावा.

वाणिज्यिक वादात या अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध बोरसे ब्रदर्स या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विलंबमाफी हा अपवाद ठरवला, त्यामुळे खात्यांतर्गत मंजुरीच्या फाइली फिरत होत्या, ही सबब पुरत नाही.