पथक परदेशी न्यायचंय? आधी घुमटाचं कातडं बघा

सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कामात उतरलेल्यांना गोव्यातून पथक बाहेर न्यायची पहिली संधी मिळाली की ते आधी व्हिसाच्या मागे धावतात. तो मिळतो. तुम्ही आधी सगळी घुमटं, म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेली गोव्याची मातीची तालवाद्यं, पुढ्यात मांडा आणि एकेकाचं कातडं बघा. मागच्या वेळी राहून गेलं ते हेच, आणि घुमटाच्या तालावर म्हणायची घुमट आरती घुमटाविना म्हणावी लागली.

घराघरांतल्या जुन्या घुमटांवर बहुधा घोरपडीचं कातडं असतं. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. म्हणजे वाद्य जप्त होऊन भागत नाही, गुन्हा दाखल होऊ शकतो. गोवा सरकारने २०१९मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं, पण कस्टमवाले तेवढ्यावर सोडत नाहीत. 'आजोबांच्या वेळचं आहे' हेही तिथे चालत नाही. बकऱ्याच्या कातड्याचीच घुमटं घ्या. कारागिराकडून तसं लिहून घ्या, पावती घ्या, फोटो काढा. वादक कुरकुरतील, नाद तसा नाही म्हणतील. ते खरंही आहे, म्हणून नवी घुमटं सरावाला खूप आधी हातात द्या. म्हादळं (दोन्ही तोंडांना कातडं असलेलं मातीचं वाद्य) नेणार असाल तर त्याची दोन्ही तोंडं तपासा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण ऐनवेळी कोणीतरी प्रेमाने घरचं जुनं घुमट पिशवीत घालतोच.

वाद्यांसाठी फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट हा कस्टमचा दस्तऐवज काढा, म्हणजे परदेशात तात्पुरत्या नेलेल्या सामानावर तिथलं शुल्क भरावं लागत नाही. मात्र यादीतली प्रत्येक वस्तू परत आलीच पाहिजे. यजमानांनी कौतुकाने घुमट मागितलं तरी यादीतलं देऊ नका; भेटीचं वेगळं न्या, तेही बकऱ्याच्या कातड्याचंच.

पासपोर्ट: शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा, विमा ३०,००० युरोंचा. कोणाची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये, लिस्बनला झाली असेल तर बाजूला घेऊन आधीच विचारा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्याला भारतीय पासपोर्टवर नेता येत नाही आणि हा विषय विमानतळावर निघाला तर त्या माणसाचे हाल होतात.

समई नृत्य (पेटती समई डोक्यावर घेऊन करायचा नाच) असेल तर रंगमंचावर ज्योत पेटवायची परवानगी लेखी मागा. तेल तिथेच घ्या. मातीची घुमटं हातातल्या सामानात नेता येतील का, ते विमान कंपनीला विचारा. कपडे, औषधं, खाणं ज्याचं त्याने बघावं. गाडीत बसण्याआधी पिशव्या उघडून घुमटांचं कातडं बघा.