भरतकामाला नवीन डिझाईन सुचत नाही? आधी एकच लाल दोरा घ्या

रिंग लावून झाली, मांजरपाट ताणून बसवला, दोऱ्यांचा डबा उघडा पडलाय आणि भरायचं काय तेच सुचत नाही, असं माझं कितीदा तरी व्हायचं. मग मोबाईल हातात, तासभर फोटो बघायचे आणि शेवटी तोच गुलाब नि तीच लव्हेंडरची काडी. आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे लव्हेंडर असते कुठे? जी वस्तू कधी हातात धरली नाही तिचा टाका कुठल्या दिशेने घालायचा ते आपल्याला कळतच नाही, मग दुसऱ्याचं बघून घालत बसतो. म्हणून मी काय करते ते सांगते, करून बघा.

सुरुवातीला रंग एकच घ्यायचा, लाल. आणि मोरजीला जाऊन मोरजाईच्या देवळाच्या भिंती बघायच्या, त्यावर कावी आहे. कावी म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा बाहेर काढायचा. फक्त तांबडा नि पांढरा, शेडिंगला वावच नाही, तरी वेली काय, पक्षी काय, नजर हलत नाही. देवळात विचारून फोटो घ्या, अगदी समोरून, तिरका घेतलात तर वेलीचे गोल लांबट होतात आणि मग ट्रेस करताना वैताग येतो.

पूर्ण भिंत उतरवायला जाऊ नका. एखाद्या पट्टीचा हातभर तुकडा निवडा, प्रिंटवर बटर पेपर ठेवून फक्त मुख्य रेषा काढा, मग कार्बनने कापडावर. लडीत 6 पदर असतात, जाड रेषेला 3 पदरांचा साखळी टाका घाला, बारीक रेषेला 1 पदराची उलटी टीप. हे झालं की तीच वेल दुसऱ्या कापडावर उलटी भरायची, म्हणजे वेल कोरी सोडायची आणि भोवतीची जमीन लाल धाव दोऱ्याने भरून काढायची. कावीत पांढरं उघडं पडतं ते असंच, आणि एकाच डिझाईनची दोन कामं शेजारी ठेवलीत की तिसरं आपोआप सुचतं, मला तरी दरवेळी सुचलंय.

एक मात्र सांभाळा, लाल दोरा आधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. माझं पहिलं कुशन कव्हर धुतल्यावर सगळं गुलाबी झालं होतं, तीन आठवड्यांचं काम, रडायलाच आलं.

जुन्या कामातून शिकायचं तर कापड उलटं करा. घाटापलीकडे धारवाडकडचं कासुती भरतकाम घ्या, आजीचं इरकल लुगडं घरात असेल तर त्याच्या पदरावर मिळेल. गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी असे चार टाके. छापलेलं डिझाईन नाही, गाठ नाही, कापडाचे धागे मोजत जायचं आणि गवंती तर दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. त्यात तुळशी वृंदावन असतं, रथ असतो, गोपुर असतं. पण तयार नमुना कशाला, चौकडीची वही घेऊन आपल्याच दारातल्या वृंदावनासमोर बसा. पायऱ्या किती, दिव्याचा कोनाडा कुठे, वरची कड कशी बाहेर येते ते एकेक चौकोन मोजून काढा आणि मॅटीवर, म्हणजे धागे मोजता येतील अशा जाडसर विणीच्या कापडावर भरा. मी काढलं तेव्हा कळलं की आमच्या वृंदावनाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, एवढी वर्षं रोज पाणी घालतेय आणि कधी लक्षात आलं नव्हतं!

पंजाबच्या फुलकारीतून मी दिशा शिकले. रेशीम एकाच रंगाचं, पण टाके कुठे उभे कुठे आडवे, म्हणून उजेड पडला की दोन रंग असल्यासारखे वाटतात. हे जाईवर वापरा. म्हार्दोळला म्हाळसा देवीच्या जायांच्या पूजेच्या दिवसांत कळ्यांची गाथण, म्हणजे ओवलेली माळ, हातात घेऊन नीट बघा, पाकळी आतून पांढरी आणि कळीच्या बाहेरच्या अंगाला गुलाबी छटा. पाच पाकळ्या पांढऱ्याच भरायच्या, प्रत्येकीचा टाका देठाकडून टोकाकडे, आणि गुलाबी फक्त कळीला, 1 पदर, तीनचार टाके बास.

जुन्या गोव्याला सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, तिथे चर्चमधल्या विधींची भरतकाम केलेली वस्त्रं बघायला मिळतात. काचेपाशी वाकून जर कशी बसवलीय, कुठे उठाव दिलाय ते वहीत लिहून घ्या. पोर्तुगीज 16व्या-17व्या शतकात बंगालमधून कोल्चा म्हणजे भरलेल्या रजया न्यायचे, पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशीम. तिथेही जवळजवळ एकच रंग, बघा.

आणि बुधवारी हणजूणच्या बाजारात लमाणी बायका आरशांचं काम घेऊन बसतात, त्यांच्याकडून एखादा जुना तुकडा विकत घ्या, भाव पाडू नका, आरसा कसा पकडलाय ते विचारा, वेळ असेल तर छान दाखवतात.

आजकालचे भरतकाम करणारे फोटोवर टाके घालतात, जाळीच्या कापडावर भरतात, दोरे मुद्दाम लोंबते सोडतात, अर्धी रिंग कोरी ठेवतात. त्यांचं डिझाईन उचलू नका, एकच युक्ती घ्या आणि आपल्या वस्तूला लावा. मी लोंबते दोरे घेतले, माटोळीसाठी. चवथीला गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला केवणीच्या, म्हणजे रानातल्या एका झुडपाच्या सालीच्या, दोरांनी फळं-पानं बांधतो ना, ती मी वरची चौकट देठ टाक्याने भरली आणि खाली खरेच दोरे सोडले, प्रत्येकाच्या टोकाला एक वस्तू. सुपारीचा घड गाठीच्या टाक्यांनी जमला, कांगलां ही रानफळं लाल साखळीने, पण तोरिंगणाची, म्हणजे लिंबाच्या जातीच्या मोठ्या फळाची, खडबडीत साल काही केल्या येत नव्हती. शेवटी 6 पदर घेऊन गाठी कमीजास्त घट्ट मारल्या तेव्हा कुठे हाताला तशी लागली. अजून नारळ राहिलाय.