होजिअरीला ओढू नये

गोव्यातल्या डिचोलीत माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींचा ब्लाउज नीट बसायला लागला, की एक दिवस कुणीतरी टी-शर्टचं कापड घेऊन येतेच. पहिल्याच टिपेला मशीन टाके सोडतं आणि "काकी, मशीन बिघडलं" अशी हाक येते. मशीन चांगलं असतं. आधी सुई बदला.

मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे असतात. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ताणणारं कापड, स्वेटरसारखी, एकात एक अडकवलेल्या बारीक फासांची. साध्या सुईचं अणकुचीदार टोक त्या फासाचा धागाच तोडतं. शिवताना कळत नाही, पण दोन धुण्यांत तिथे भोक पडतं आणि पुढची ओळ सुटत जाते. टाके सुटतात ते वेगळ्या कारणानं. ताणाचं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं, सुईमागे दोऱ्याचा फास तयारच होत नाही, आणि खालच्या शटलला (बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाला) पकडायला काही मिळत नाही. म्हणून गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई घ्यायची. सुती टी-शर्टच्या कापडाला ८०/१२ नंबरची, पातळ असेल तर ७५/११, जाड असेल तर ९०/१४. लेगिंग किंवा पोहण्याच्या कपड्यांचं लायक्रा असेल तर पाकिटावर 'स्ट्रेच' लिहिलेली सुईच मागा. आपल्याकडे पावसाळ्यात सुयांना गंज धरतो. मी त्या मशीनच्या तेलाचं बोट फिरवलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवते आणि लावण्याआधी कोरड्या कापडानं पुसते.

दोरा पॉलिएस्टरचा. हे मी भाच्याच्या फुटबॉलच्या टी-शर्टावर शिकले. सुती दोरा आणि सरळ टीप घातली होती. त्यानं गळा डोक्यातून घातला आणि कट् कट् करत सगळी शिलाई तुटली. कापड ताणलं गेलं, टीप ताणली गेली नाही. पोराला त्या दिवशी जुनाच शर्ट घालून मैदानावर जावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कापड घ्यायला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलात तर दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा करा. आडव्या बाजूनं १० सेंटिमीटर चिमटीत धरा आणि ताणा. १३ पर्यंत गेलं तर ताण ३० टक्के, १५ पर्यंत गेलं तर ५० टक्के. सोडल्यावर ते परत १० वर आलं पाहिजे. नाही आलं तर कोपर-गुडघ्यांना फुगे येतील, ते कापड घेऊ नका. पहिल्यांदा शिवणाऱ्यानं इंटरलॉक विणीचं सुती कापड घ्यावं. (कडा इंटरलॉक करून आणतो, त्याच्याशी याचा संबंध नाही, ही विणीची जात आहे.) ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि त्याच्या कडा गुंडाळत नाहीत. गुळगुळीत लायक्रा नंतर.

आणलं की धुवा. सुती होजिअरी आटते, लांबीला जास्त. दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनानं ती लोंबते. चटईवर पसरा. कापताना सगळं कापड टेबलावर असू दे, एक टोक खाली लोंबलं तरी माप चुकतं. जास्त ताण अंगाभोवती आडवा यायला हवा. कडा गुंडाळत असतील तर घरचा उपाय आहे: उकड्या तांदळाच्या पेजेचं वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळायचं, आणखी पातळ करायचं आणि ब्रशनं फक्त कडांना लावून वाळवायचं. कड कागदासारखी उभी राहते आणि शिवून झाल्यावर धुण्यात खळ निघून जाते.

आता टीप. झिगझॅगची, म्हणजे नागमोडी टाक्याची, रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच. फूटचा, म्हणजे कापड वरून दाबणाऱ्या पायाचा, दाब कमी करता येत असेल तर करा. अगदी कडेवर सुरुवात केली तर कापड खाली दातऱ्यांत (कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांत) ओढलं जातं, म्हणून खाली पातळ कागद ठेवा आणि दोन्ही दोरे मागे धरा. मग हात कापडावर नुसता ठेवायचा. ओढायचं नाही आणि ढकलायचंही नाही, दातऱ्या नेतील तसं जाऊ द्यायचं. हातानं ओढलेली शिवण नंतर लाटेसारखी उठते. पायाच्या जुन्या मशीनला झिगझॅग नसेल तर तेवढ्यापुरती सूट: बारीक टाका ठेवून बाजूची शिवण किंचित ताणून घाला, पण गळा मात्र ओव्हरलॉकवाल्याकडे (मशीनवर कडा बांधून देणाऱ्याकडे) द्या.

खांद्याच्या शिवणीत सुती फीत घाला, नाहीतर बाहीच्या वजनानं खांदा दंडावर उतरतो.

गळ्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. गळ्याचा घेर ५६ सेंटिमीटर असेल तर रिबची (उभ्या रेघांच्या, जास्त ताणणाऱ्या विणीची) पट्टी त्याच्या ८५ टक्के, म्हणजे साधारण ४७ ते ४८, आणि जोडाचं मार्जिन वेगळं. पट्टी जोडून गोल करा, दुमडा, पट्टीचे चार भाग आणि गळ्याचे चार भाग खडूनं खुणा करून टाचा. इथे ताणायची ती फक्त पट्टी. गळा ताणला तर तो उघडा पडतो आणि पुन्हा आवळता येत नाही. ही शिवण मी मुलींकडून आधी चिंधीवर दोनदा करून घेते.

खालच्या दुमडीला चार मिलिमीटरची जोडसुई (एका दांड्यावर दोन सुया) छान दिसते, वर दोन रिळं लागतात. लाट आलीच तर वाफेची इस्त्री उचलून उचलून दाबा, घासू नका.

प्रत्येक नव्या कापडाचा एक तुकडा शिवून, ताणून बघून, वहीत टाचून ठेवा. माझ्या वहीत भाच्याच्या दुसऱ्या शर्टाचा निळा तुकडा आहे. खाली पेन्सिलीनं लिहिलंय: सुई ८०, झिगझॅग अर्धा, लांबी अडीच, दोरा पॉलिएस्टर.